गाडीची नाळ कुठल्या बाजूला

माणसाची संस्कृती जिथे सुरू होते, तिथेच अस्तर सुरू होतं. जे आपलं आहे ते झिजू नये, त्यावर जगाचा ओरखडा उठू नये, म्हणून माणूस मध्ये एक थर घालत आला आहे. पाय आणि काटा यांच्यामध्ये चप्पल, पुस्तक आणि धूळ यांच्यामध्ये वेष्टन, मन आणि शेजारी यांच्यामध्ये सभ्यता.

हे विचार माझेच आहेत. पनवेलला जुन्या हायवेच्या कडेला पिकअप गाड्यांच्या हौद्यांना लायनर बसवायचं दुकान काढलं, तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात मी ते मांडले होते. प्रमुख पाहुणे फोनवर होते. टाळ्या माझ्या बायकोने, सुनंदाने वाजवल्या, त्याही मी थांबावं म्हणून. मी थांबलो. संरक्षणाच्या क्षेत्रात आपण काही तरी मोठं करायला निघालो आहोत असं त्या दिवशी मला वाटत होतं. खडी, बकऱ्या आणि ओली मासळी यांच्या क्षेत्रात आपण उतरलोय, हे हळूहळू कळलं.

ज्यांचा पिकअपशी संबंध फक्त ओव्हरटेक करण्यापुरता आला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हौदा म्हणजे पिकअपचा मागचा उघडा भाग, ज्यात माल भरतात. त्याच्या मागच्या दाराला फाळका म्हणतात. तो कडी काढून खाली पाडता येतो. शोरूममधून गाडी निघते तेव्हा हौद्याला आतून आणि बाहेरून सारखाच रंग असतो. बाहेरचा रंग बरीच वर्षं टिकतो. आतला पहिली वीट पडेपर्यंत. रंग गेला की पत्रा उघडा पडतो, पत्र्याला आपल्याकडची खारी हवा लागते, आणि मग एके दिवशी मालक हौद्यात उभा राहतो आणि त्याचा एक पाय रस्त्याला लागतो. हे होऊ नये म्हणून जे काही आत घालतात, ते लायनर.

त्याचे प्रकार फार नाहीत. रबराची मॅट अंथरता येते. स्वस्त, पण तिच्याखाली पाणी जातं आणि तिथेच संसार थाटतं. चेकर पत्रा, म्हणजे बोटांच्या ठशांसारखी नक्षी उठवलेला जाड पत्रा, रिबेट मारून बसवता येतो; तो खडीला भारी, पण त्याच्या सांध्यांत जे शिरेल ते तुमच्या नातवंडांना सापडेल. प्लास्टिकचा तयार टब मिळतो, हौद्याच्या आकाराचा. आत ठेवला की झालं. आणि शेवटचा प्रकार फवारणीचा. त्यात रबरासारखा एक थर पत्र्यावर फवारतात, तो वाळला की पत्र्याशी एकजीव होतो. सांधा नाही, फट नाही.

यातलं कुठलं घ्यावं, हे एकाच प्रश्नावर ठरतं: काय वाहणार? आणि या प्रश्नाला खरं उत्तर देणारं गिऱ्हाईक मला फारसं भेटलं नाही. ‘सगळं’ म्हणजे खडी. ‘थोडंफार घरगुती’ म्हणजेही खडी. ‘फक्त भाजीपाला’ म्हणजे जाताना भाजीपाला आणि येताना खडी. डॉक्टरकडे गेलेला माणूस जसा ‘कधीतरी, मित्रांबरोबर’ असं म्हणतो, तसंच हे. मी हौद्याचे कोपरे बघून निदान करायला शिकलो. कोपऱ्यात काय साठलंय ते बघावं. मालकाच्या तोंडाकडे बघू नये.

फवारणीचं काम दाऊदभाईंचं. मूळचे इथलेच, कोकणी मुसलमान. उमेदीची वर्षं कतारला गेली. हे काम ते तिकडेच शिकले. विनय मात्र ते तिकडेही शिकले नाहीत आणि इकडेही.

“नाना, कतारमध्ये शेख लोक माझ्या लायनरवर दस्तरखान अंथरून जेवायचे,” ते म्हणायचे.

“का? घरी जागा नव्हती?”

“तुम्हाला कदर नाही.”

लायनरला ते ‘गाडीची बनियन’ म्हणत. “दिसत नाही कुणाला. पण नसली की घाम बाहेर येतो,” असं त्यांचं स्पष्टीकरण. माझ्या उद्घाटनाच्या भाषणापेक्षा ते बरं होतं, आणि गिऱ्हाइकांना कळतही होतं.

गिऱ्हाइकांबद्दल सांगायचं तर खारघरच्या एका गृहस्थांपासून सुरुवात करायला हवी. उंच इमारतीत राहणारे, हुद्दा मोठा, आणि गाडी पुढे चार दारं आणि मागे छोटा हौदा असलेली ऐटबाज पिकअप. त्यांना सर्वांत चांगला लायनर हवा होता. मी माझा प्रश्न विचारला.

“अ‍ॅक्च्युअली, सध्या काहीच नाही,” ते म्हणाले.

“पुढे?”

“ऑप्शन असावा.”

खोटं न बोललेला हा बहुधा माझा पहिला ग्राहक, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आम्ही उत्तम फवारणी करून दिली. काही दिवसांनी ते परत आले. सोसायटीतली मुलं हौद्यात चढली होती आणि लायनरवर बुटांचे ठसे उठले होते. त्यावर मॅट मिळेल का? मिळाली. पुढच्या खेपेला उन्हाने मॅटचा रंग उडतोय अशी तक्रार आली, तेव्हा मॅटवर ताडपत्री आली. ताडपत्रीवर पाणी साठतं म्हणून शेवटी हौद्यावर कुलूपवालं कडक झाकण बसलं. त्या हौद्यात आता काही ठेवायचं म्हणजे बराच उपद्व्याप आहे. गृहस्थ समाधानी आहेत. आपल्याकडे नव्या सोफ्याचं प्लास्टिक न काढणारी घरं असतात. हे त्याच धर्मातले, फक्त चार चाकांवरचे.

दुसरे विचुंब्याचे एक बकऱ्यांचे व्यापारी. त्यांनी प्लास्टिकच्या टबाचा हट्ट धरला, कारण कंपनीचा एक प्रतिनिधी त्यांना गाठून गेला होता. हा प्रतिनिधी टाय लावून यायचा आणि टबाला टब म्हणायचा नाही. ‘सरफेस सोल्यूशन’ म्हणायचा. ‘घर्षण जवळपास शून्य’ असं त्याच्या रंगीत पत्रकात छापलं होतं. मी म्हटलं, बकरीला घर्षण लागतं. व्यापारी म्हणाले, “नाना, तुमी जुन्या विचारांचे.” ईदच्या आधी त्यांनी गाडी भरली. उड्डाणपुलावर गाडी चढताना सगळ्या बकऱ्या घसरून फाळक्याशी गोळा झाल्या. उतरताना सगळ्या केबिनच्या पाठीशी. सिग्नलला ब्रेक लागला की पुन्हा एकदा.

“चक्कर येऊन उतरल्या,” व्यापारी मला सांगत होते. “चार पाय चार दिशांना. गिऱ्हाईक बोलतंय, आजारी माल हाय.”

आम्ही टबात खरखरीत मॅट चिकटवून दिली. प्रतिनिधीला मी हा प्रकार सांगितला तेव्हा त्याने तो मन लावून ऐकला आणि म्हणाला, “सर, म्हणजे क्लेम प्रूव्ह झाला.”

आता जयवंतीबाईंची गोष्ट सांगतो. माझ्या धंद्यात मी ज्याला कसोटीचा प्रसंग म्हणेन तो हाच, आणि त्यात माझा वाटा फारसा नाही.

जयवंतीबाई करंज्याच्या. बंदरावर मासळीचा लिलाव झाला की माल उचलून पनवेलच्या बाजारात आणायचा, हा त्यांचा धंदा. नवरा जहाजावर कामाला, वर्षातले बरेच महिने बाहेर. घरात पिकअप एक आणि धंदे दोन. पहाटे गाडी जयवंतीबाईंची मासळी वाहणार, आणि दुपारपासून त्यांचा दीर हरेश याच्या मंडपाचं सामान: गाद्या, खुर्च्या, पडदे आणि नवरा-नवरीचं सोनेरी सिंहासन. ही व्यवस्था बरी चालली होती. मग खारघरच्या एका लग्नात सिंहासनाला बोंबलाचा वास आला. मुलीकडची मंडळी शुद्ध शाकाहारी. नवरीने पूर्ण वेळ नाकाशी पदर धरला होता, तो लाजेने, असं फक्त फोटोग्राफरला वाटलं.

तेव्हा ही तिघं दुकानात आली: जयवंतीबाई, हरेश आणि या दोघांच्या भांडणातली न्यायाधीश, म्हणजे हरेशची आई. सासूबाईंनी खुर्ची नाकारली आणि एका टायरवर बसकण मारली.

“मी सांगून टाकलंय,” हरेश म्हणाला. “गाडी एक तं म्हावऱ्याची, नाय तं मंडपाची. दोनी नाय जमत. माजे दोन गिऱ्हाईक तुटले, नानाशेठ.”

म्हावरा म्हणजे मासळी. ज्या घरात ती रोज दोन्ही वेळा शिजते, त्या घरातला मुलगा हे बोलत होता, आणि सासूबाईंनी त्याच्याकडे तसंच बघितलं.

“आनि मी काय करू?” जयवंतीबाई म्हणाल्या. “परत धा जनींत भागीच्या टेम्पोत जाऊ? भागीच्या टेम्पोत आपली पाटी शेवटाला चढते नि शेवटाला उतरते. बाजारात जाईपरत पापलेटाचे डोले आत गेलेले. कोन घेनार?”

सासूबाईंचा निवाडा आधीच झाला होता. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. तोपर्यंत गाडीचा वास गेला तर गाडी दोघांची. नाही गेला तर हरेशची, कारण मंडपाचं सामान भागीच्या टेम्पोत जाऊ शकत नाही आणि मासळी जाऊ शकते. निवाडा तर्काला धरून होता. एवढंच की त्यात एका बाईचा धंदा बुडत होता.

“लायनर म्हंजे काय गो?” सासूबाईंनी सुनेला विचारलं.

“गाडीला आतून घालतान, आये. पत्रा खराब होऊ नाय म्हनून.”

“म्हंजे परकर.”

“बनियन,” दाऊदभाई म्हणाले.

“पोर्‍यांना बनियन. गाडीला परकर,” सासूबाईंनी निकाल दिला, आणि त्या दिवसापासून आमच्या दुकानातही तोच शब्द चालू झाला.

मॅट, चेकर पत्रा आणि टब, तिन्ही मासळीला बाद होते. तिन्हींच्या खाली पाणी जातं, आणि मासळीचं पाणी म्हणजे बर्फ, मीठ आणि रक्त. राहिली फवारणी. पण फवारणीतही दोन पोत मिळतात. एक जाडा दाणा, खरखरीत. त्यावर माल घसरत नाही. दुसरा बारीक, जवळजवळ गुळगुळीत. तो धुवायला सोपा. दाऊदभाईंनी दोन्हींचे तुकडे पुढे ठेवले.

जयवंतीबाईंनी खरखरीत तुकड्यावर तळवा फिरवला. “यात खवलं अडकतील.”

“गुलगुलीत केलं तं माज्या खुर्च्या घसरतील,” हरेश म्हणाला. “सिंहासन घसरून फालक्यावर आपटलं तं वाघाचं तोंड मोरेल.” सिंहासनाला वाघाची तोंडं होती, या विसंगतीकडे तोवर कोणी लक्ष दिलं नव्हतं.

“खुर्ची बांदता येते, भावजी,” जयवंतीबाई म्हणाल्या. “खवलं बांदता येतंय काय?”

सासूबाई टायरवरून हसल्या. बारीक दाणा ठरला. इतकी वर्षं मी पत्रकं वाचली, पण लायनरचा पोत निवडण्याचा यापेक्षा चांगला नियम मला कुठे सापडला नाही: जे बांधता येत नाही, त्याच्या सोयीने निवडावं.

गाडीचा तळ वाईट होता. गंज खरवडला, दोन ठिकाणी पत्रा कापून नवा जोडला, हौदा धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. दाऊदभाई तोंडाला मुखवटा बांधून आत उतरले आणि संध्याकाळी बाहेर आले ते कतारच्या आठवणी सांगतच. हौदा आतून काळाभोर आणि सलग झाला होता. मलाही अभिमान वाटला. गाडी गेली.

आणि दिवाळीच्या तोंडावर परत आली. हरेश चालवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नव्हतं.

“वास हाय तसाच हाय,” तो म्हणाला.

इथे आमच्यापुढे एक अडचण उभी राहिली. वास आहे की नाही हे ठरवायला नाक लागतं, आणि जमलेल्या मंडळींत चालू स्थितीतलं नाक कोणाकडे नव्हतं. दाऊदभाईंचं नाक कतारला फवारणीत गेलेलं. माझं थिनर आणि चिकटवण्याच्या डिंकात. जयवंतीबाईंनी आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, काही नाही. सासूबाई म्हणाल्या, “म्हावऱ्याचा वास म्हंजे कसला? माना कदीच आला नाय.”

“तुला येतोय?” मी हरेशला विचारलं.

“माना पन नाय येत. पन गिऱ्हाइकाला येतं.”

म्हणजे फिर्यादीनेही गुन्हा पाहिलेला नव्हता. मी घरी फोन केला आणि सुनंदाला बोलावलं. तिच्या माहेरी अंडंसुद्धा सांकेतिक नावाने ओळखलं जायचं. ती रिक्षातून उतरली, दुकानापासून बऱ्याच अंतरावर थांबली आणि तिथूनच म्हणाली, “बोंबील आहेत का?”

जयवंतीबाईंचा चेहरा पडला. त्या पदराने हौद्याची कड पुसत राहिल्या. ती कड आधीच स्वच्छ होती.

सुनंदाला ते दिसलं असावं. नाक धरून निघून जाण्याऐवजी ती गाडीपाशी आली आणि नाक पुढे करून तिच्याभोवती फिरली. फाळक्याशी थांबली. “इथे नाही.” मग बाजूने पुढे सरकत केबिनच्या पाठीशी आली आणि मागे सरली. “इथे आहे. याच कोपऱ्यात.”

दाऊदभाई हौद्यात चढले. केबिनच्या पाठीला जिथे तळ मिळतो त्या कोपऱ्यात त्यांनी बोट फिरवलं. बोटावर करडा, बुळबुळीत थर आला.

“तौबा,” दाऊदभाई म्हणाले. त्यांना वासापेक्षा अपमान जास्त लागला होता. “पण पाणी इथे आलं कसं? पाणी फाळक्याकडे जातं. बाय, गाडी धुता कुठे?”

“दारात.”

“दार कुठे?”

“बंदराला उतरताव ना, तिथं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही करंज्याला गेलो. त्यांचं घर बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, चांगल्या उतारावर. गाडी दारात उभी होती, तोंड समुद्राकडे, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला. केबिन खाली आणि फाळका वर. जयवंतीबाई रोज बाजारातून आल्या की बादल्याच्या बादल्या ओतून हौदा धूत होत्या, आणि ते सगळं पाणी, खवल्यांसकट, केबिनच्या पाठीशी जाऊन बसत होतं. दुनियेतला कुठलाही लायनर याला पुरा पडला नसता. मी रस्त्यावर नजर टाकली. सगळ्या गाड्या तशाच उभ्या होत्या. टेम्पो, रिक्षा, एक मोटरसायकलसुद्धा. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे.

“अशा का लावता?” मी विचारलं.

सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, आणि नाळ दर्याकडे असते. किनाऱ्याला होडी उभी करायची ती नाळ दर्याकडे करून. त्याला पाठ दाखवून नाही. घरात गाडी आली तेव्हा ती कशी लावायची हे कोणी कोणाला विचारलं नाही.

“आजी, काही नाही करायचं,” दाऊदभाई म्हणाले. “गाडी उलटी लावा. बस. पाणी फाळक्याने निघून जाईल.”

 घरोघरीच्या खिडक्यांत डोकी दिसू लागली.

“दर्याला पाठ?” सासूबाई म्हणाल्या. “माजा पोर्‍या दर्यावर हाय.”

“आईचा बरोबर हाय,” हरेश म्हणाला. एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर मंडपाचे व्हिडिओ टाकणारा हा मुलगा अचानक परंपरेचा फार अभिमानी झाला होता, आणि का झाला होता ते सगळ्यांना कळत होतं. आईलाही.

मी हौद्याला पुढच्या कोपऱ्यात भोक पाडायचं सुचवलं. दाऊदभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. शिवाय ते पाणी थेट गाडीच्या सांगाड्यावर पडलं असतं, म्हणजे परकर वाचवून पाय मोडणं. उतार बदलता येत नव्हता, समुद्र हलवता येत नव्हता, आणि सासूबाई या दोन्हींपेक्षा पक्क्या होत्या.

जयवंतीबाई इतका वेळ गाडीला टेकून उभ्या होत्या.

“आये,” त्या म्हणाल्या, “होरीची नाल कशाला बोलतान? जिथं नारल फोरताव तीच ना?”

“तीच.”

“गाडी घेतली तवा नारल कुटं फोरला?”

“पुरं. बंपरला.”

“मग आता मागं फोरूया. फालका नाल.”

सासूबाईंनी डोळे बारीक केले. “एका होरीला दोन नाली? खुली झालीस काय?”

“फेरी बोट बघ ना. गाड्या नेते ती. एका टोकानं चरतान, दुसऱ्या टोकानं उतरतान. ती कदी वलते काय? जाते तशीच येते. तिला पाठ हाय कुटं?”

शास्त्रार्थ म्हणून जे काही मी ऐकलं आहे, त्यात बोलणारे बहुधा आधी पाणी पितात, नमन करतात आणि मग मुद्द्याभोवती फिरतात. इथे एका वाक्यात एक टोक दुसरीकडे नेऊन ठेवलं होतं. सासूबाईंनी समुद्राकडे बघितलं, मग फाळक्याकडे, मग सुनेकडे. सुनेकडे जरा जास्त वेळ.

“आदी वास जातो का बगू,” त्या म्हणाल्या. “मग नारल. देवाला सांगून मागून बदललं तं बरं नाय दिसत.”

अशा रीतीने गाडी तात्पुरत्या परवानगीवर उलटी उभी राहिली. तोवर दर्याला अंदाज यावा म्हणून सासूबाईंनी फाळक्याला झेंडूची एक माळ अडकवली. जयवंतीबाई रोज हौदा धूत राहिल्या आणि पाणी फाळक्याखालून उतारावर निघून जात राहिलं. आठवड्याभरात त्या रस्त्यावर आणखी एक गाडी उलटी झाली. तिच्या मालकाने कारण सांगितलं नाही.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती मला अजून टोचते. हल्ली लोक लायनर फोनवर मागवतात. गाडीचं मॉडेल टाकायचं, रंग निवडायचा, आणि प्लास्टिकचा टब घरी येतो. काय वाहणार, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी माणसं खोटंच सांगतात, हे मला मान्य आहे. पण गाडी उभी कुठे करता आणि तोंड कुठे करून, हे तर मीही कोणाला विचारलं नव्हतं, आणि निदानाची मला मोठी घमेंड होती.

तुळशीच्या लग्नाला आम्ही करंज्याला गेलो. सुनंदाला खास बोलावणं होतं. या परीक्षेचा निकाल तिच्या नाकावर होता आणि ते सगळ्यांना माहीत असल्याने शेजारपाजारही जमला होता. ती फाळक्याशी थांबली, बाजूने गेली, केबिनच्या पाठीशी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. जयवंतीबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

“रबराचा येतोय,” सुनंदा म्हणाली. “मासळीचा नाही.”

“परत बगा, काकी,” हरेश म्हणाला.

तिने परत बघितलं. “नाही.”

सासूबाई उठल्या. “गाडी दोगांची,” त्या म्हणाल्या, आणि हरेशकडे वळून, “नि सिंहासन दोरीनं बांदाचा. वैनी बोलली तसा.”

“बांदतंय की,” हरेश म्हणाला. तो फार नाराज दिसला नाही. केबिनच्या कोपऱ्यात आपलंही नाक घालून तो परत आला होता, आणि त्याला नेहमीप्रमाणे काहीच आलं नव्हतं.

जयवंतीबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. ओट्यावर भागीच्या टेम्पोसाठी धुऊन ठेवलेली पाटी त्यांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हळद, कुंकू आणि नारळ होता.

नारळ कोणी फोडायचा यावर थोडी चर्चा झाली. घरातला मोठा मुलगा जहाजावर. हरेशने फोडला तर फाळक्यावर त्याचा हक्क होईल, अशी शंका शेजारच्या एका बाईंनी काढली. शेवटी सासूबाईंनी नारळ माझ्या हातात दिला.

“परकर तुमी घातलाव. तुमीच फोरा.”

समोर भरतीचं पाणी चढत होतं. होड्यांच्या काठ्यांवर निशाणं फडफडत होती. फाळक्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, माळ ताजी, आणि इतकी माणसं आमच्या कामाकडे अशी हात जोडून बघताहेत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. दाऊदभाईसुद्धा टोपी सारखी करून ताठ उभे होते. एरवी असल्या प्रसंगी माझ्या मनात काही तरी तिरकस येतं. त्या दिवशी आलं नाही. आपण आयुष्यात एक चांगलं काम केलं असं मला वाटलं. मी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि पूर्ण श्रद्धेने फाळक्यावर आपटला.

दाऊदभाईंनी खाली वाकून तपासलं. लायनरवर ओरखडासुद्धा नव्हता. नारळही तसाच होता. फाळक्याला पोचा आला होता.